चर्चच्या हॉलमध्ये कराओके : पट्टी कुणाची?

नाताळच्या आधीचा आठवडा असो, कापणीचा सण असो की छपराच्या दुरुस्तीसाठी निधी उभा करायचा असो, मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे तरुण संघ आता कराओकेची संध्याकाळ ठेवू लागले आहेत. एक लॅपटॉप, दोन स्पीकर, दोन माईक, भिंतीवर प्रोजेक्टर. तयारी तासाभरात होते. अडतं ते गाण्यांच्या यादीपाशी. फक्त ‘उपासना संगीत’ या आमच्या भजनसंग्रहातली गाणी घ्यायची की सिनेमातलीही? सिनेमातली घेतली तर थांबायचं कुठं? पाळकसाहेब हा प्रश्न पंचांकडे सोपवतात, पंच तरुणांकडे, आणि शेवटी जो लॅपटॉपवर बसतो तोच ठरवतो. हे मला बरोबर वाटत नाही. आमची श्रद्धा आमच्यापर्यंत प्रवचनांपेक्षा गाण्यांतून जास्त पोचली आहे. त्यामुळे हॉलमध्ये काय गायचं हा प्रश्न मी किरकोळ मानत नाही.

पुढं दोन आवाज आहेत. मावशी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाली आहे आणि रविवारच्या भक्तीला पेटी वाजवते. भाचा तरुण संघाचा सचिव आहे. दोघं नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीतले आहेत असं धरा. पात्रं मी योजलेली आहेत, पण त्यांचं म्हणणं कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये ऐकलेलं आहे. जिथं राहवलं नाही तिथं मी मध्ये बोललो आहे.

भाचा : मावशी, नावं आली. बहुतेक सगळी सिनेमातली गाणी आहेत. ‘झिंगाट’ चौघांनी मागितलंय.

मावशी : आणि भजन?

भाचा : एक. पाळकसाहेबांच्या आईंचं.

मावशी : मग चर्चचा हॉल कशाला हवा? मंगल कार्यालय घ्या.

भाचा : मंगल कार्यालयात ते चौघं आले असते, पण पाळकसाहेबांच्या आई आल्या नसत्या. हॉलमध्ये दोघंही येतात. मला तेच हवंय. रविवारी ही पोरं मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद संपायच्या आत बाहेर पडतात. त्यांच्यातल्या एकाचा तरी आवाज तू कधी ऐकलायस?

मावशी : नाही ऐकला. पण म्हणून मागतील ते द्यायचं? आमोस संदेष्टा काय सांगतो ते वाच. तुमच्या गाण्यांचा गोंगाट देवाला नको झालाय, असं तो लोकांना तोंडावर सांगतो. आणि ती तर भक्तीतलीच गाणी होती.

भाचा : आमोसाचा राग गाण्यांवर नव्हता. गरिबाला नाडून पुन्हा गात बसणाऱ्यांवर होता. आणि आमोसाच्या शेजारी दीडशेवं स्तोत्र ठेवून बघ. कर्णा, डफ, तंतुवाद्यं, पावा, झांजा. त्या यादीत नुसती सोवळ्यातली वाद्यं नाहीत.

मावशी : वाद्यांवरून माझं भांडण नाहीच. ‘सायलेंट नाइट’ १८१८ साली ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं तेच मुळी गिटारवर. माझं भांडण शब्दांशी आहे.

भाचा : शब्दांच्या आधी चालीचं बोलू. बाखनं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये पुन्हा पुन्हा वापरलेली ती जर्मन चाल तू उत्तम शुक्रवारी पेटीवर वाजवतेस. ती हान्स लिओ हास्लरची. १६०१ साली छापली गेली तेव्हा तिच्यावर प्रेमात गोंधळून गेलेल्या माणसाचे शब्द होते. पुढं ती चर्चनं उचलली, आणि अर्ध्या शतकानं पाउल गेरहार्टनं तिच्यावर काट्यांच्या मुकुटाचं गीत लिहिलं. प्रेमगीताची चाल वधस्तंभापाशी चालते, तर प्रेमगीत हॉलमध्ये का चालत नाही?

मावशी : लूथरचंही बघ की. त्यानं नाताळचं एक गीत लिहिलं. १५३५ साली ते छापलं तेव्हा चाल होती लोकांच्या तोंडी असलेल्या एका कोड्याच्या गाण्याची. चारच वर्षांत, १५३९ मध्ये, ते गीत नव्या चालीवर आलं, आणि ती चाल लूथरचीच मानतात. आज सगळीकडे तीच गातात. जुनी चाल कानावर पडली की मुलांना जुने शब्द आठवत असणार. लूथरसारख्या माणसाला हे कळलं नसेल का?

इथं मला थोडं सांगायचं आहे. लूथरनं दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून स्तोत्रं केली, असं व्यासपीठांवरून सर्रास सांगितलं जातं. त्याला फारसा आधार नाही. त्याच्या पुष्कळ चाली जुन्या लॅटिन गायनातून आल्या आहेत किंवा त्याच्या स्वतःच्या आहेत. साल्व्हेशन आर्मीचं मात्र खरं आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या करमणूकघरांत ‘शॅम्पेन चार्ली’ हे गाणं गाजत होतं, आणि त्याच चालीवर साल्व्हेशन आर्मीची माणसं रस्त्यावर तारणाचं गीत गात होती. पण हास्लर घ्या की शॅम्पेन चार्ली, प्रत्येक वेळी चाल ठेवून शब्द बदलले गेले. कराओकेत गाणाऱ्याचा आवाज काढून टाकतात आणि शब्द तसेच राहतात, वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटतात. म्हणून चाल उसनी घेतल्याचे दाखले शब्दांसकट घेतलेल्या गाण्याला लावता येत नाहीत. एवढ्या मुद्द्यावर मी मावशीच्या बाजूचा आहे.

भाचा : बरं, मग आपल्याच घरातलं बघ. फादर स्टीफन्सनं १६१६ साली राचोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीत. नगरात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. रेव्हरंड टिळकांनी अभंग आणला. हे सगळं मंडळीत आलं तेव्हा बाहेरचंच होतं ना?

मावशी : टिळकांचं नाव काढलंस तर पुरतं ऐक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तुकोबांना दाराबाहेर ठेवलं नाही. भाषा, वृत्त, भजनाचा ठेका सगळं बरोबर घेऊन आले. पण शब्द स्वतः लिहिले, आयुष्यभर लिहिले. ‘उपासना संगीत’ उघड, पानोपानी त्यांचं नाव सापडेल. तयार गाणं मागवून ते थांबले असते तर आपल्याकडं आज काय राहिलं असतं? तुझ्या पोरांनी एक कडवं जरी स्वतः लिहून आणलं ना, तरी मी पेटी घेऊन बसेन, मग ठेका कुठलाही असो.

भाचा : लिहितील. पण आधी गायला तर उभी राहू देत. आणि सिनेमाचं गाणं म्हणजे परक्याचं, हे मला पटत नाही. त्या गाण्यांमागचा वाद्यमेळ कुणी लिहिला? माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनी, सेबॅस्टियन डिसोझांनी, फ्रँक फर्नांडनी. गोव्याच्या पॅरिश शाळांमध्ये मेस्तांच्या, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या मास्तरांच्या, हाताखाली स्वरलिपी शिकलेली, चर्चच्या गायनवृंदात वाढलेली ही माणसं मुंबईला आली आणि त्यांनी हिंदी सिनेमाला हार्मनी दिली. प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विस मास्तरांकडं. म्हणून १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचं नाव आलं. आपल्याच गायनवृंदातून बाहेर गेलेलं संगीत आपल्या हॉलमध्ये परत आलं तर बिघडलं कुठं?

मावशी : बिघडलं नाही. माझ्या शाळेतल्या मुलांना मी ते अभिमानानं सांगायचे. पण तीच माणसं रात्री हॉटेलच्या बँडमध्ये वाजवत आणि रविवारी मासला वाजवत. दोन्हीकडं एकच वही नेत नव्हती. कुठल्या जागी काय वाजवायचं हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

भाचा : म्हणजे जागा बघायची. हॉल हे देवालय नाही. तिथं लग्नाची जेवणं होतात, रक्तदान शिबिरं होतात, बॅडमिंटन खेळतात.

मावशी : हे मान्य.

ही मान्यता महत्त्वाची आहे, आणि ती मावशीची एकटीची नाही. व्हॅटिकननं १९८७ साली चर्चमधल्या संगीत मैफलींबद्दल पत्रक काढलं, त्यातही हाच धागा आहे : उपासनेच्या वास्तूत होणाऱ्या मैफलीला एक शिस्त हवी, आणि जे तिथं बसत नाही त्यासाठी दुसरी जागा शोधावी. पत्रक कॅथलिकांसाठी होतं, पण शहाणपण प्रोटेस्टंटांनाही चालेल. वेदीसमोर प्रोजेक्टर लावून कराओके करू नये. हॉल नसेल तर आवारात मांडव घालावा. आणि उपासकाळाच्या चाळीस दिवसांत ही संध्याकाळ ठेवूच नये. मंडळीतल्या एखाद्या घरी नुकतं दुःख झालं असेल तर तारीख पुढं ढकलावी. याच्यावर वाद घालायची गरज मला वाटत नाही.

मावशी : हॉल आहे म्हणून काहीही चालेल असं नाही. मी तुला एक सोपी गोष्ट सांगते. गाण्याची चाल काढून टाक आणि शब्द नुसते मोठ्यानं वाच. संडे स्कूलची मुलं समोर बसलीत असं समजून वाच. जीभ अडखळली तर ते गाणं आपलं नाही.

भाचा : मग गीतरत्न वाच. तेही मुलांसमोर.

मावशी : ... ते नाही वाचणार.

भाचा : आणि तरी ते बायबलात आहे. नवराबायकोचं, प्रियकर-प्रेयसीचं प्रेम कुणी पुस्तकातून फाडून टाकलेलं नाही.

मावशी : बरोबर बोललास. तुझे काका गेल्यापासून मी जुनी प्रेमगीतं घरी लावत नाही, पण कुणी लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी गायलं तर मी ऐकेन. प्रेमाचं गाणं चालेल. ज्यात बाईकडं माल म्हणून बघितलंय ते चालणार नाही. दारूचं कौतुक असलेलं चालणार नाही. आपल्या मंडळीत दारूनं मोडलेली घरं आहेत, त्या बायका समोर खुर्चीवर बसलेल्या असतात. त्यांच्या तोंडावर ‘प्या’ म्हणून गायचं का?

भाचा : नाही. तेवढी मी आधीच काढली आहेत.

मावशी : आणि हे काय लिहिलंय? ‘हालेलूया’?

भाचा : लेनर्ड कोहेनचं आहे. कॉलेजच्या पोरीनं मागितलंय. हे तर भक्तीचंच झालं की.

मावशी : शब्द वाचलेस?

भाचा : पहिलं कडवं वाचलं. दावीद राजा आहे त्यात.

मावशी : पुढचीही वाच. छतावर अंघोळ करणारी बाई आहे, केस कापणारी आहे, मोडलेल्या प्रेमाचा कडवटपणा आहे. मला ते गाणं आवडतं. मोठ्या माणसानं लिहिलंय, १९८४ साली, आणि दुखऱ्या जागेवरून लिहिलंय. पण ते स्तुतिगीत आहे असं समजून मुलीला पहिल्या नंबरला उभं करशील, तर ते त्या गाण्यालाही न्याय देणारं नाही. मध्यंतरानंतर ठेव, आणि कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत तिलाच सांगू दे.

भाचा : म्हणजे तू हे ठेवतेस आणि ‘झिंगाट’ काढतेस?

मावशी : ‘झिंगाट’ काढ असं मी अजून म्हटलेलं नाही.

यादी करताना सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. शीर्षकात देवाचं नाव दिसलं की गाणं पास, आणि पोस्टरवर नट दिसला की नापास. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधलं ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ हे सिनेमातलंच गाणं आहे : शब्द भरत व्यासांचे, चाल वसंत देसाईंची. ‘उंबरठा’मधलं ‘गगन सदन तेजोमय’ वसंत बापटांचं. समीर सामंत यांची ‘हीच अमुची प्रार्थना’ ‘उबुंटू’ या चित्रपटासाठी लिहिलेली. ही तिन्ही गाणी शाळांच्या प्रार्थनेत जाऊन बसली आहेत, आणि कुठल्याही मंडळीच्या हॉलमध्ये ती गायली जाताना मला आनंदच होईल. उलट, नाताळचं म्हणून प्रत्येक जण ज्याची फर्माईश करतो त्या ‘जिंगल बेल्स’मध्ये नाताळाचा उल्लेखसुद्धा नाही. ते बर्फावरून घसरत जाणाऱ्या घोड्याच्या गाडीचं गाणं आहे. लहान मुलांनी ते खुशाल गावं, पण त्याला धार्मिक समजून यादीतला एक नंबर भरू नये.

भाचा : आणखी एक आहे, तुला विचारूनच घेणार होतो. वस्तीतल्या माझ्या मित्राला भीमगीत गायचंय. त्याचं घर बौद्ध आहे. दोन पंच म्हणाले, चर्चच्या हॉलमध्ये नको.

मावशी : त्याला बोलावलं आहे ना आपण?

भाचा : हो.

मावशी : मग काय गायचं ते तो ठरवेल. पाहुण्याला बोलावून त्याचं गाणं दाराबाहेर ठेवायला सांगायचं नसतं. आणि आपली आजी-पणजी कुठल्या वाड्यातून मंडळीत आली हे त्या पंचांनाही माहीत आहे. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकून ज्यांच्या पाठी सरळ झाल्या त्यांच्यात आपलेच चुलतभाऊ आहेत. त्याला काळजीनं ट्रॅक शोधून दे. नाही मिळाला तर मी पेटी धरते.

भाचा : मला वाटलं होतं तू अडवशील.

मावशी : मी शब्द बघते म्हटलं होतं. त्या गाण्याचे शब्द मला मुलांसमोर वाचता येतात.

इथवर वाद काय गावं आणि काय गाऊ नये एवढ्यातच फिरत होता. बहुतेक मंडळ्यांमध्ये तो तिथंच संपतो. मला मात्र कराओकेच्या बऱ्याच संध्याकाळी बिघडताना दिसल्या त्या वेगळ्याच कारणानं. गाणं चांगलं होतं, शब्द चांगले होते, पण ते गाणाऱ्याच्या गळ्यात बसत नव्हतं आणि ऐकणाऱ्यांना त्यात शिरता येत नव्हतं.

मावशी : आता माझी खरी तक्रार ऐक. मागच्या खेपेला बालवाडीच्या बाईंनी लताबाईंचं गाणं घेतलं. ट्रॅक लताबाईंच्या पट्टीत. बाईंचा गळा भजनाचा, मध्य सप्तकातला. अंतऱ्याला वरचा षड्ज आला आणि आवाज फाटला. हॉलमध्ये पोरं हसली. त्या बाई त्यानंतर रविवारीसुद्धा मोठ्यानं गात नाहीत. माझ्यासाठी हे ‘झिंगाट’पेक्षा मोठं पाप आहे.

भाचा : पट्टी खाली घेता येते, मावशी. सॉफ्टवेअरमध्ये बटण असतं.

मावशी : मग घेतली का नाही?

भाचा : कुणी विचारलं नाही.

मावशी : गाणाऱ्यानं विचारायचं नसतं, वाजवणाऱ्यानं बघायचं असतं. पेटीवर मी काय करते? म्हातारा उभा राहिला की पहिल्या ओळीला त्याचा आवाज कुठं बसतो ते ऐकते आणि काळी एकवरून सरळ दोन स्वर खाली उतरते. त्याला कळतही नाही. श्वास संपला तर मी थांबते. तुझा ट्रॅक थांबत नाही.

भाचा : तुला माहीत आहे, हे यंत्र पहिल्यांदा कुणी केलं?

मावशी : जपानात, एवढं ठाऊक आहे.

भाचा : दाइसुके इनोउए म्हणून होता. कोबे शहरातल्या बारमध्ये गिऱ्हाइकांना साथ करायचा. त्याचं एक गिऱ्हाईक एका लहान कंपनीचा मालक होता. त्याला सहलीला जायचं होतं आणि तिथं सगळ्यांसमोर गायचं होतं. इनोउएला बरोबर जाता येईना. म्हणून त्यानं त्या माणसाच्या गाण्यांची साथ टेपवर भरून दिली. तो माणूस कसा गातो, कुठं रेंगाळतो हे साथीदाराला माहीत होतं. त्यावरून पुढं १९७१ साली त्यानं यंत्र केलं. पेटंट घेतलंच नाही, आणि जगभर पसरलं ते.

मावशी : म्हणजे पहिला ट्रॅक एका माणसाच्या गळ्यासाठी केलेला होता.

भाचा : हो.

मावशी : आणि आता माणूस ट्रॅकच्या गळ्यासाठी ओढाताण करतो.

गाणं निवडणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं असं मला फार वाटतं, म्हणून थोडं तपशिलात जातो. मंडळीनं एकत्र गायच्या गाण्याची चाल साधारण एका सप्तकात, फार तर एक-दोन स्वर पुढं मागं, एवढ्यात फिरते. ती तशीच बांधलेली असते, कारण ती शिकलेल्या गळ्यासाठी नसते. ‘अमेझिंग ग्रेस’ पाचच स्वरांत आहे, आपल्या भूपाच्या स्वरांत, त्यामुळे नवख्यालाही साधतं. ‘सायलेंट नाइट’ मात्र भोळं दिसतं आणि फसवतं, कारण त्याचा पल्ला सप्तकाच्या बराच पुढं जातो. शेवटाकडं चाल वर चढते तिथं सुरुवात चुकीच्या पट्टीत केलेला माणूस हमखास अडकतो. आदोल्फ आदामचं ‘ओ होली नाइट’ तर मुळात तयारीच्या गायकासाठीच आहे. प्रत्येक नाताळात कुणीतरी ते मागतो आणि वरच्या टोकाला डोळे मिटून ओरडतो. सिनेमाची गाणी लता, आशा, किशोर, रफी यांच्या गळ्यांसाठी बांधलेली आहेत. ती गाऊ नयेत असं मी म्हणत नाही, पण आठवडाभर आधी प्रत्येकाला बोलवावं, पाच मिनिटं गाऊन घ्यावं आणि पट्टी लिहून ठेवावी. ट्रॅक अर्ध्या अर्ध्या स्वरानं खाली आणता येतो. चार पायऱ्यांच्या पलीकडं वाद्यांचा आवाज बसल्यासारखा होतो, म्हणून त्याहून जास्त लागत असेल तर दुसरं गाणं सुचवावं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते केल्याशिवाय संध्याकाळ ठेवू नये.

भाचा : एक गोष्ट मीही बघितली आहे. ध्रुपद असलेलं गाणं असलं की लोक मागून गायला लागतात. गझल घेतली की सगळे मोबाईल काढतात.

मावशी : गझल वाईट नाही. ती एकट्याची आहे. भजनाची रचनाच अशी की एकानं ओळ टाकायची आणि मंडळीनं ती उचलायची. पौलानं इफिसकरांना लिहिलंय ना, एकमेकांशी गाण्यातून बोला म्हणून. देवाशी तर बोलाच, पण एकमेकांशीही. ध्रुपद दुसऱ्यांदा आलं की हॉल गातोय का, एवढं बघ. ते बघून यादी लाव.

भाचा : त्या हिशेबानं ‘झिंगाट’ पहिलं येईल. तिथं तर सगळा हॉल गातो.

मावशी : म्हणून तर मी ते काढ म्हणाले नव्हते. चौघांना एकत्र उभं कर, शेवटी ठेव, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत शब्द वाचून घे. मला त्यात नशेपेक्षा नाच जास्त दिसतो. तुला वेगळं दिसलं तर काढ. पण सलग सहा गाणी नाचाची लावलीस तर बसलेल्या बायका उठून जातील, आणि मग तुझ्या हॉलचं मंगल कार्यालयच होईल.

या जागी माझा आणि मावशीचा मतभेद आहे. मी ‘झिंगाट’ ठेवलं नसतं. गाणं घाण आहे असं मला वाटत नाही, अजय-अतुलचं काम जोरकस आहे. पण त्या गाण्यात माईकवरचा माणूस ऐकूच येत नाही, ट्रॅकच सगळं करून जातो. ज्या पोराचा आवाज कुणी ऐकलेला नाही त्याला उभं करायचं तर त्याचा आवाज ऐकू येईल असं गाणं द्यावं. भाच्याला हे पटणार नाही, मला माहीत आहे. त्याचं म्हणणं, लाजरा पोरगा पहिल्यांदा गर्दीतच तोंड उघडतो. त्यातही तथ्य आहे.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण विचारणारे असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे. ऐकणारे पैसे देत नसतील, किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल, तर गीत-संगीत सादर करणं हा हक्कभंग धरला जात नाही. पण ही सवलत गीताला आणि चालीला आहे. ट्रॅक हे ध्वनिमुद्रण, त्याचा हक्क वेगळा, म्हणून तो रीतसर विकत घ्यावा. कार्यक्रमाचं चित्रण यूट्यूबवर टाकताना तर ही सवलत गृहीत धरूच नये.

भाचा : पण भजनांचे ट्रॅक मिळत नाहीत ना, मावशी. तू म्हणतेस भजन एकच आलं. लोकांनी मागितलं तरी आणू कुठून? जे मिळतात ते सिंथेसायझरवर धावत वाजवलेले. आणि इथंच काय, पलीकडच्या गावांत पेटी वाजवणारं कुणी उरलेलं नाही. रविवारच्या भक्तीला मोबाईलवर गाणं लावतात आणि त्याच्या मागून पुटपुटतात.

मावशी : ते मी ऐकलंय. तालुक्याच्या सभेला गेले होते तेव्हा. फार वाईट वाटलं.

भाचा : मग मी तुझी पेटीच रेकॉर्ड करतो. टिळकांची दहा भजनं, गाणाऱ्याचा आवाज न घालता. कराओकेलाही होतील आणि त्या गावांनाही देता येतील. टिळक जाऊन शंभरावर वर्षं झाली, त्यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क आड येत नाही.

मावशी : पट्टी?

भाचा : दोन. एक पुरुषांची, एक बायकांची.

मावशी : तीन. म्हाताऱ्यांची वेगळी. आणि प्रत्येक ओळीनंतर श्वासाला जागा सोडेन, ती तू कापायची नाही.

भाचा : क्लिक लावावी लागेल. तबला नंतर भरायचा आहे.

मावशी : क्लिक लावली की मी रविवारी वाजवते तसं वाजणार नाही. तबलजीला त्याच वेळी शेजारी बसव.

भाचा : त्याला कारखान्यातून सुट्टी मिळत नाही.

मावशी : मग भक्ती झाल्यावर करू. महिला मंडळालाही थांबवू. ध्रुपदाला मागून त्यांचे आवाज लागतील.

भाचा : कराओकेच्या ट्रॅकमध्ये आवाज नको असतात, मावशी.

मावशी : अंतऱ्याला नको. ध्रुपदाला हवेत. ज्या गावात चारच माणसं बसलेली असतील त्यांना मागून कुणीतरी गातंय असं वाटू दे.

भाचा : बरं. पडद्यावर ध्रुपदाच्या वेळी ‘सगळ्यांनी’ असं लिहितो.

मावशी : लिही. आणि वर कवीचं नाव लिही. सिनेमाच्या ट्रॅकवर गाणाऱ्याचं नाव येतं, आपल्या भजनांवर कुणाचंच येत नाही. ‘ना. वा. टिळक’ असं स्पष्ट लिही, आणि जिथं कवी माहीत नाही तिथं मला विचार. काहींची नावं मला पाठ आहेत.